हिशेब कोणी द्यायचा?

२०१७ च्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट आहे. पाचोऱ्यातल्या एका उर्दू शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. बी.एड. होऊन फार दिवस झाले नव्हते आणि हजेरीपट हा शाळेतला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, अशी माझी समजूत होती. सहावीच्या वर्गातला एक मुलगा सलग बारा दिवस गैरहजर होता. तो आला त्या दिवशी मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभे केले आणि इतके दिवस कुठे होतास म्हणून दरडावून विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, "सर, अम्मी के साथ खेत में जाता था. डिब्बा बजाने."

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसलो नाही. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावून सगळे विचारून घेतले. त्याची आई कापूस वेचणीच्या टोळीत होती. पहाटे गाडी येई, वीसेक बायका दाटीवाटीने उभ्या राहत आणि गाडी त्यांना गिरणाकाठच्या शेतांवर सोडून येई. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला होता. जे हाती लागेल ते लवकर वेचून घ्यायची शेतकऱ्याला घाई होती आणि वेचणीची मजुरी किलोवर होती. त्याच दिवसांत शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात बिबट्या माणसे मारत होता. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला सावजासारखा दिसतो, असे जाणकार सांगत होते. कापूस तर वाकूनच वेचावा लागतो. म्हणून टोळीतल्या बायकांनी आपली पोरे बरोबर न्यायला सुरुवात केली होती. पोरांनी बांधावर उभे राहायचे, तेलाचा रिकामा डबा वाजवायचा आणि आयांच्या पाठीमागे नजर ठेवायची. अकरा वर्षांचा तो मुलगा बारा दिवस हे काम करून आला होता आणि मी त्याच्या नावापुढे बारा वेळा गैरहजेरी लावली होती.

जाताना त्याने मला विचारले, "सर, सरकार उसको मारती क्यूं नहीं? शेर की जान बड़ी है की अम्मी की?"

आमच्याकडे खेड्यापाड्यांत बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणून त्याच्या तोंडी 'शेर' आला. मी उत्तर दिले, "बेटा, दोनों की जान अल्लाह ने बनाई है." उत्तर खरे होते. पण ते देऊन मी त्याच्या प्रश्नातून सुटका करून घेतली, हे मला त्याच क्षणी कळले होते. मुलगा काही बोलला नाही. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी इतक्या वर्षांनी या लेखात शोधतो आहे.

चाळीसगाव तालुक्यात पुढे काय झाले ते खानदेशातल्या वाचकांना आठवत असेल. काही महिन्यांत पाच-सात माणसे गेली. त्यांत शेतात काम करणाऱ्या बायका होत्या, लहान मुले होती. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, बेशुद्ध करणारी बंदूक घेऊन पथके फिरली. त्या वेळचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन शोधमोहिमेत उतरलेले लोकांनी पाहिले आणि त्यावर वादही झाला. शेवटी हैदराबादचे नवाब शफाअत अली खान यांना पाचारण करण्यात आले. ९ डिसेंबर २०१७ च्या रात्री वरखेडे शिवारात त्यांच्या गोळीने बिबट्या ठार झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात चहाच्या टपरीवर हाच एक विषय होता. लोकांच्या तोंडी दुवा होती. मलाही हायसे वाटले. खोटे कशाला बोलू, फार हायसे वाटले.

त्यानंतर वर्षही पुरते उलटले नव्हते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-राळेगावच्या रानात अवनी नावाची वाघीण मारली गेली. वनखात्याच्या कागदावर तिचे नाव टी-१ असे होते. दोन वर्षांच्या काळातले तेरा मृत्यू तिच्या नावावर लावले गेले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. या वेळी गोळी शफाअत अली खान यांचे चिरंजीव असगर अली खान यांनी झाडली. तिला दोन बछडे होते, वर्षाच्या आतले. गोळी रात्री का झाडली, आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला होता का, यावर चौकशा बसल्या. मोठ्या शहरांत मेणबत्त्या पेटवून शोक झाला. आणि ज्या गावांची माणसे गेली होती त्या गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली.

ती बातमी वाचून मी हळहळलो. बछड्यांचे काय होणार, या विचाराने रात्री झोप लागली नाही. आणि त्या रात्रीच मला स्वतःची लाज वाटली. चाळीसगावचा बिबट्या मेला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. त्याला पिल्ले होती का, हा प्रश्नही माझ्या मनात आला नव्हता. मग यवतमाळच्या वाघिणीसाठी मी का हळहळत होतो? फरक एवढाच होता, की चाळीसगाव माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि पांढरकवडा तीन-साडेतीनशे किलोमीटरवर. संकट दाराशी होते तेव्हा मी शिकाऱ्याच्या बाजूने होतो. संकट दूर होते तेव्हा मी वाघिणीच्या बाजूने झालो. म्हणजे माझी दया माझ्या तत्त्वांवर चालत नव्हती, किलोमीटरवर चालत होती. मेणबत्ती पेटवणाऱ्या शहरवासीयांवर टीका करणे सोपे आहे. पांढरकवड्याच्या हिशेबात मीही एक शहरवासीच होतो.

वाघ आणि माणसाच्या झगड्याबद्दल आपण बोलतो तेव्हा दोनच पक्ष धरतो, एकीकडे वाघ आणि दुसरीकडे माणूस. मला वाटते तिसरा पक्ष नेहमी गाळला जातो. तो म्हणजे दूरचा माणूस. वाघ जगावा असे वाटणारा, पण त्याच्या जगण्याची किंमत स्वतः न भरणारा. किंवा वाघ मरावा असे वाटणारा, पण तो मेल्यानंतर त्या गावाकडे पुन्हा न फिरकणारा. या तिसऱ्या माणसाला कोर्टात उभे केल्याशिवाय न्याय व्हायचा नाही.

कोर्टाचा विषय निघालाच आहे, तर एका जुन्या खटल्याची आठवण करून देतो. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वानुस्सफा' या विद्वानांच्या मंडळाने अरबीत जे ग्रंथ लिहिले, त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. जनावरे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन जिनांच्या बादशहाकडे जातात. १८१० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मौलवी इकराम अली यांनी तिचे उर्दू भाषांतर केले. त्यामुळे उर्दू शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना तिचे नाव तरी माहीत असते. त्या दरबारात माणूस आपले श्रेष्ठत्व सिद्ध करू पाहतो. आम्ही ताठ चालतो, आम्ही शहरे वसवली, आम्हाला विद्या आहे, असे तो सांगतो. जनावरे त्याचा एकेक मुद्दा खोडून काढतात. शेवटी माणसाच्या बाजूने उरतो तो मरणानंतरच्या जीवनाचा मुद्दा. माणसाला पुन्हा उठायचे आहे, आपल्या कर्माला सामोरे जायचे आहे.

मी या गोष्टीचा अर्थ असा घेतो, की माणूस मोठा आहे तो बळाने किंवा बुद्धीने नाही, तर त्याला हिशेब द्यायचा आहे म्हणून. वाघाला हिशेब नाही. भूक लागली, तो धावला. पिल्ले वाचवायची होती, तो उलटला. त्याला गुन्हेगार म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. आणि कापूस वेचणाऱ्या बाईकडे तरी कोणता हिशेब मागायचा? तिने रान तोडले नाही, वाघाची वाट अडवली नाही. मग हिशेब उरतो कोणाकडे?

जरा आपल्याच मुलखाकडे पाहू. आज खानदेश म्हटले की कापूस आणि केळी डोळ्यांसमोर येतात. दोनशे वर्षांपूर्वी हा वाघांचा मुलूख होता. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या शिकारीला गेला होता, तेव्हा त्याच्या नजरेला त्या लेण्या पडल्या. लेण्यांखालून वाहत येणारी वाघूर आमच्या जिल्ह्यातून तापीला मिळते. तिच्या नावातच वाघ आहे. १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम याच्या चरित्रात नोंद आहे, की दहा वर्षांत त्याच्या शिकारींत १९१ वाघ मारले गेले. एका अधिकाऱ्याच्या दहा वर्षांत १९१! त्यानंतर रेल्वे आली, डोंगर उघडे झाले, सपाटीवर कापूस पसरला. त्या कापसाची गाठ मँचेस्टरला गेली, मुंबईला गेली, आज तुमच्या-माझ्या अंगावर आहे. वाघाच्या घरावर शेत झाले हे खरे, पण त्या शेताचा फायदा कोणाला झाला आणि धोका कोणाच्या वाट्याला आला, हेही विचारले पाहिजे. 'आपणच त्यांच्या घरात शिरलो' असे म्हणताना हा 'आपण' फार मोघम असतो. शिरले कोणी, आणि मेले कोण?

वाघ मात्र जुना रस्ता विसरत नाही. मार्च २०२१ मध्ये चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरातल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात एका तरुण वाघाची छबी कॅमेऱ्यात आली. अनेक दशकांनंतर त्या डोंगरात वाघ दिसला होता. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली, की तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा आहे, म्हणजे अवनीच्या शेजारच्या रानातला. शेते, महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडत शेकडो किलोमीटर चालत तो आमच्या उंबरठ्याशी आला. तीन-साडेतीनशे किलोमीटरवरच्या ज्या रानाबद्दल मी निश्चिंत मनाने हळहळलो होतो, त्या रानातला वाघ आता माझ्या मुलखात होता. त्याने इकडे माणसावर हल्ला केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पण दूर असे काही उरलेले नाही, एवढे त्याने मला शिकवले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मारायचे की नाही?

कायदा याबाबतीत वाटतो तितका अव्यवहारी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अकरावे कलम सांगते, की वाघासारखे जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. जीव वाचवताना कोणाच्या हातून जनावर मेले, तर तो गुन्हा धरला जात नाही. म्हणजे कायद्यालाही माणसाचा जीव कवडीमोल वाटत नाही. तो एवढेच म्हणतो, की बंदूक शेवटी यावी, सुरुवातीला नको.

आपल्या परंपरेतही याच्याशी जुळणारी शिकवण आहे. हदीसमध्ये एका पैगंबरांची हकीकत येते. त्यांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळायला लावले. त्यावर अल्लाहने त्यांना बोल लावला, की एका मुंगीसाठी तुम्ही एक अख्खी जमात जाळली, जी माझे गुणगान करत होती. मला यात दोन गोष्टी दिसतात. ज्या मुंगीने दंश केला तिच्यापुरता विचार वेगळा आणि साऱ्या वारुळाचा वेगळा. नरभक्षक ठरलेला एक बिबट्या मारणे आणि उसात दिसेल तो बिबट्या मारा म्हणणे, यात हाच फरक आहे. दुसरी शिकवण जबीहाची. जनावर कापायचेच असेल तर सुरी धारदार करा, पण त्याच्या डोळ्यांसमोर धार लावू नका, असे आपल्याला सांगितले आहे. जीव घेण्याची परवानगी आहे, जीव घेण्याची मौज करण्याची नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे. ज्या जनावराने माणसामागून माणूस मारला आणि जे हाती येत नाही, त्याला मारावे लागले तर मारावे. तेथे कचरू नये. दूर बसून त्या गावाला सबुरी शिकवू नये. पण त्या दिवशी ना फटाके वाजावेत, ना मृत जनावराबरोबर फोटो निघावेत. एक अपयश निस्तरले, एवढेच त्या दिवशी घडलेले असते. अवनीच्या बछड्यांपैकी मादी पिल्लाला त्याच डिसेंबरात पकडून पेंचला नेले. दोन वर्षे सांभाळून मार्च २०२१ मध्ये तिला रानात सोडले आणि थोड्याच दिवसांत झुंजीत जखमी होऊन ती मेली. एक गोळी एका जनावरावर थांबत नाही, हे फटाके वाजवताना लक्षात राहत नाही.

आणि गोळीने गावाचे तरी काय भागते? बिबट्या मेल्यावर वरखेड्याची बातमी संपली. पण जी कारणे त्या बायकांना आणि मुलांना बिबट्याच्या तोंडी देत होती, ती संपली का? शेतीच्या पंपाला रात्रीची वीज मिळते, म्हणून शेतकरी काळोखात बारे द्यायला जातो. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषिवाहिनीची योजना त्याच २०१७ साली सुरू झाली. रात्रीची पाळी मात्र अजून गावोगावी आहे. घरात शौचालय नसेल तर बाईला अंधारातच बाहेर जावे लागते. किलोवर मजुरी असेल तर ती उजाडायची वाट पाहत नाही. विदर्भात तेच तेंदूपत्त्याच्या हंगामात घडते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याने मारली. तेथेही शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ही माणसे रानात सहलीला गेली नव्हती. पोटासाठी गेली होती किंवा आपल्याच घराशी, शेताशी होती.

बिबट्या पकडून दुसऱ्या रानात सोडण्याचा उपायही आपण करून पाहिला आहे. जुन्नर भागात दोन हजार सालानंतर हे मोठ्या प्रमाणावर झाले. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले, की जेथे जनावरे नेऊन सोडली तेथे माणसांवरचे हल्ले वाढले. शिवारातले संकट दुसऱ्याच्या शिवारात सोडून येणे हा न्याय नव्हे, ती शेजाऱ्याची फसवणूक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग वाघ वाचवायचाच कशाला? वाघप्रेमींना मी खोटे समजत नाही. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला नसता, तर आज वाद घालायला वाघच उरला नसता. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले. हे यश आहे आणि ते जपायला हवे. ज्या डोंगरात वाघ राहतो तेथे झाड टिकते. झाड टिकले तर गिरणा आणि वाघूर टिकतील. डांग-नाशिककडचे आदिवासी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. वाघाच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांनी त्याची भीतीही बाळगली आणि त्याला मानही दिला. ज्यांना त्याची झळ लागली तेच त्याला देव म्हणाले, हे आपण विसरू नये. पण ४४४ वाघांचा अभिमान सगळ्या राज्याने मिरवायचा आणि त्यांची किंमत तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईने एकटीने भरायची, हे इन्साफात बसत नाही.

मृताच्या वारसांना आता सरकार पंचवीस लाख रुपये देते, काही हाती आणि काही ठेव म्हणून. रक्कम वाढत गेली ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती माणूस गेल्यावर मिळते. हिशेब माणूस जाण्याच्या आधी सुरू व्हायला हवा. दिवसाची वीज, उजेड, घरात शौचालय, टोळीने काम, मेलेल्या बकरीचे पैसे वेळेवर, आणि जनावर दिसल्याचे कळवताच धावून येणारे पथक, यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. आणि यांपैकी एकाही गोष्टीसाठी वाघाला मारावे लागत नाही. त्यासाठी दूरच्या माणसाला थोडे खर्चात पडावे लागते, एवढेच.

तो मुलगा आता एकोणीस-वीस वर्षांचा झाला आहे. सुरतेला कामाला असतो. गेल्या ईदला भेटायला आला होता. आई बरी आहे, अजूनही हंगामात वेचणीला जाते म्हणाला. त्याला तो प्रश्न आठवत होता की नाही, मी विचारले नाही. पण विचारला असता तर आता मी त्याला सांगितले असते, बेटा, तुझ्या अम्मीचा आणि शेरचा झगडा नव्हताच. त्या दोघांना एकाच शेतात, एकाच अंधारात समोरासमोर आणून उभे करणारे लोक वेगळे होते. तुझ्या अम्मीचा जीव वाचवणे हे आमचे पहिले काम होते आणि ते आम्ही तुझ्यावर, तुझ्या डब्यावर सोडून दिले.

त्या वर्षीचा हजेरीपट शाळेच्या कपाटात असेल. त्यात त्याच्या नावापुढे बारा गैरहजेऱ्या माझ्या अक्षरात आहेत. तो तर त्या बारा दिवसांत आपल्या कामावर हजर होता. गैरहजर आम्ही होतो.